गायरान रिकामं नाही

(मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी भरलेल्या युवक शिबिरातलं भाषण. बोललो तसंच छापलं आहे.)



मला विषय दिलाय, ‘वीज प्रकल्पावर हरकत कशी घ्यावी’. मागं बसलेल्या पोरांची तोंडं मला दिसतायत. त्यांना वाटलं होतं हा माणूस व्यवस्थेवर बोलेल, वर्गावर-वर्णावर बोलेल, आणि हा तर अर्जाचा कागद घेऊन उभा राहिला. मी व्यवस्थेवरच बोलणार आहे. आपल्याकडं व्यवस्था डोंगरावर राहत नाही. ती तहसील कचेरीत बारनिशीच्या टेबलावर शिक्क्याच्या पॅडशेजारी बसलेली असते. तिथं जाऊन तिच्याशी भांडायचं, तर तिची लिपी यायला हवी.

काय चाललंय ते आधी सरळ सांगतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. पहिली आली २०१७ साली, दुसरी, म्हणजे २.०, २०२३ साली. शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची म्हणून वीज उपकेंद्राच्या आसपास सौर पॅनेलं बसवायची आणि त्या विजेवर शेतीची वाहिनी चालवायची. उद्दिष्ट वाढत वाढत १६ हजार मेगावॅटपर्यंत नेलं. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. गुणाकार तुम्ही करा : चौसष्ट ते ऐंशी हजार एकर. ही सगळीच गायरानं नाहीत. पण सरकारी जमीन पहिली धरली जाते, आणि गावात सरकारी जमीन म्हणजे बहुतेक गायरान.

पहिली का धरतात? स्वस्त पडते म्हणून. खासगी शेतकऱ्यानं आपली जमीन या योजनेला भाड्यानं दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये, वर दरवर्षी तीन टक्के वाढ. आणि सरकारी जमिनीला? वर्षाला एक रुपया. तीस वर्षांसाठी. पाटलाच्या पडीक माळाला सव्वा लाख, आणि ज्या माळावरचे धोंडे आपल्या आजीनं पाटीनं वेचून बांध घातला, त्या माळाला एक रुपया. तो रुपयाही आजीला नाही. सरकारनं सरकारला दिलेला रुपया आहे तो.

आता कुणी म्हणेल, तुम्ही विजेच्या विरोधात. विकासाच्या विरोधात. हे आपल्याला शिकवायला निघालेत! व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते ४६ बाबासाहेब मजूरमंत्री होते, आणि पाटबंधारे आणि वीज ही खाती त्याच मजूर खात्याकडं होती. १९४३ च्या ऑक्टोबरात वीज धोरणाच्या समितीपुढं ते अध्यक्ष म्हणून बोलले. स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योग नाहीत, आणि उद्योग नसतील तर या देशाची गरिबी हटत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. दामोदर खोऱ्याच्या योजनेची बोलणी त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली. तेव्हा विजेचं आपल्याला वावडं नाही.

आणि दिवसा वीज हवीच. रात्री दोन वाजता थ्री फेज येते तेव्हा दारं धरायला कोण जातं? सालगडी जातो. सालगडी कोण असतो ते मी सांगायला नको. साप त्यालाच चावतो. दिवसा वीज आली तर त्याची रात्रीची झोप वाचेल, आणि मी त्याच्या झोपेच्या आड येणार नाही.

पण पंप कुणाचा आहे ते बघा. शेतीपंपाचं कनेक्शन घ्यायला सातबारा लागतो. गायरान कसणाऱ्याच्या नावानं सातबारा नाही, म्हणून त्याला पंप नाही. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं वीजबिल माफ झालं, ४४ लाखांवर शेतकऱ्यांना. चांगलं झालं, त्यात आपलेही दोन-दोन एकरवाले भाऊबंद आहेत. भूमिहीनाच्या झोपडीतल्या दोन दिव्यांचं बिल मात्र चालूच. म्हणजे ज्याला पंप नाही, बिलाची माफी नाही, त्याच्या पायाखालची जमीन काढायची आणि तिच्यावर पंपवाल्याची वीज तयार करायची. ऊन सगळ्यांचं, सावली एकाची! आपली हरकत सूर्यावर नाही. ती या वाटणीवर आहे.

आता गायरानाचा इतिहास. थोडक्यात सांगतो, कारण म्हाताऱ्यांना तो तोंडपाठ आहे आणि तरुणांना एका बैठकीत पाठ होणार नाही. गावकीची कामं करायची, त्या बदल्यात तुकडा जमीन, हे वतन. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं. वतन ही जमीन नव्हे, गळ्यातली दोरी आहे हे त्यांना दिसत होतं. कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. दोरी सुटली, पण जमीन? १९५९ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, इथं मराठवाड्यात आणि खानदेशात. पुढं ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर केला, माणसांनी तुरुंग भरले. मागणी एकच : पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावानं करा. दावणीला बैल नसलेल्यांनी खांद्यावर जू घेऊन माळ नांगरले. मग शासनाचे निर्णय निघाले. एक १९७८ चा. दुसरा २८ नोव्हेंबर १९९१ चा : १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमानुकूल करायची. १४ एप्रिल ही तारीख सरकारनं आपल्या भावनेसाठी निवडली. त्या तारखेचा आदर फाइलीनं ठेवला नाही. काहींची नावं लागली. कित्येकांचे दावे अजून दप्तरात बांधलेले आहेत. अर्जदार मेला, पोरानं वारस म्हणून अर्ज केला, पोरगाही म्हातारा झाला.

हा जो लटकलेला दावा आहे ना, तिथंच सगळी मेख आहे. दावा लटकला म्हणून सातबाऱ्यावर नाव नाही. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून ई-पीक पाहणीत तुमचं पीक दिसत नाही. पीक दिसत नाही म्हणून जमीन पड. जमीन पड म्हणून रिकामी. रिकामी म्हणून एक रुपया. सगळं कायदेशीर, सगळं ऑनलाइन. १९७८ साली नामांतराच्या दंगलीत आपली घरं जाळायला त्यांना गावात माणसं गोळा करावी लागली होती. आता एक रकाना कोरा ठेवला की भागतं.

कोळशाचं वीज केंद्र मोठं असलं तर जनसुनावणी घ्यावी लागते. १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणाची अधिसूचना आहे, तिच्यात तसं आहे. तीस दिवसांची नोटीस, अहवालाचा सारांश मराठीत, मंडपात माईक, आणि सगळ्याचं चित्रीकरण. त्या सुनावणीत जमीनमालकच बोलू शकतो असं नाही; ज्याला झळ बसणार तो बोलू शकतो. सौर पॅनेलांना मात्र ही अधिसूचना लागू नाही, कारण धूर नाही, राख नाही. बरोबर आहे, धूर नाही. पण माणूस उठतोच ना? तो मोजायची तरतूद नाही. म्हणून मंडप पडणार नाही, माईक येणार नाही, ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असं प्रगटनही कदाचित दिसणार नाही. तेव्हा पहिली गोष्ट डोक्यात घ्या. हरकत मागवली नाही तरी द्यायची. लग्नाला बोलावलं नाही म्हणून जेवायला जात नाहीत, हे ठीक. पण इथं ताट आपलंच उचललं जातंय.

आमच्या भागात झालं ते सांगतो. तालुक्याचं नाव सांगत नाही. मोजणी झाल्याचं कळलं तेव्हा अकरा जण हरकतीचे कागद घेऊन कचेरीत गेलो. त्यात सात बाया. बारनिशीवरचा कारकून कागद घेईना. म्हणाला, “तुमच्या नावानं सातबारा आहे का? नाही ना? मग हरकत कसली घेता?” माणूस आपलाच होता. टेबलाच्या काचेखाली बाबासाहेबांचा फोटो होता. मी कायदा सांगायला लागलो, तो ऐकेना. आमच्यात एक सत्तरीची आजी होती. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि काचेवर, बरोबर फोटोच्या शेजारी, सहा पावत्या मांडल्या. दंडाच्या. पिवळ्या पडलेल्या, घडीवर फाटलेल्या, एक तर पार १९८३ ची. म्हणाली, “भाऊसाहेब, जमीन रिकामी व्हती तर ह्यो दंड मह्या सासऱ्याकडून कशापायी घेतला? रिकाम्या जमिनीला दंड बसतो का, बाबा?”

त्यानं पावत्यांकडं बघितलं, मग आमच्याकडं. शिक्का उचलला. अकराच्या अकरा कागदांवर तारखेसकट पोच दिली.

आजीला कायदा ठाऊक नव्हता. पण कायद्याचा जीव कशात आहे ते तिनं नेमकं पकडलं होतं. सरकारनं ज्या कागदानं तिच्या सासऱ्याला गुन्हेगार ठरवलं, तोच कागद तिच्या वहिवाटीचा पुरावा. अतिक्रमणाची नोंदवही असते तलाठ्याकडं, गाव नमुना १-ई. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे. नाव बदललं, वही तीच. त्या वहीत नाव आहे का बघा. दंडाच्या पावत्या, जुन्या पोलीस केसचे कागद, पंचनामे, नोटिसा, ज्या ज्या कागदांनी तुमच्या बापाला छळलं ते सगळे शोधून काढा. पत्र्याच्या पेटीत असतील, फोटोमागं असतील. नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नको. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता हरकत लिहायची कशी. मी एक मसुदा आणलाय, वाचतो :

“प्रति, तहसीलदार. प्रत : जिल्हाधिकारी, महावितरणचे कार्यकारी अभियंता, सरपंच व ग्रामसेवक.

विषय : गायरान गट नंबर अमुक, यातील माझ्या वहिवाटीचे क्षेत्र सौर प्रकल्पास देण्यास हरकत.

मी अमुक, राहणार अमुक. वरील गटात एवढे एकर, एवढे गुंठे जमीन माझे कुटुंब अमुक सालापासून कसत आहे. चतुःसीमा : पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमुक यांची वहिवाट, दक्षिणेस पांदण, उत्तरेस गावाचा शिवरस्ता. आज रोजी त्यात तूर व ज्वारी उभी आहे. फोटो जोडले आहेत. शासनाने अमुक साली या जमिनीबद्दल आमच्याकडून दंड वसूल केला. पावती जोडली आहे. सबब ही जमीन रिकामी नाही, व ती रिकामी नाही हे शासनास माहीत आहे.

नियमानुकूल करण्याचा आमचा दावा प्रलंबित आहे. त्याचा निकाल लेखी व कारणासह आधी द्यावा. तोपर्यंत जमिनीचा ताबा कोणासही देऊ नये.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ अ प्रमाणे गायरान जमीन अन्य कामास वळवण्यावर बंधन आहे. सार्वजनिक प्रकल्पासाठी अपवाद करावयाचा तर दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नाही हे पाहावे लागते. अशी पाहणी केली असल्यास तिचा अहवाल मला द्यावा.

मला समक्ष ऐकून घेतल्याशिवाय निर्णय करू नये.”

बस. एक पान. सही किंवा अंगठा.

यात काय काय नाही ते बघा. ‘मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी’ नाही. सेवेशी म्हणे! बाप-आज्यांनी गावकीत केली तेवढी सेवा पुरे झाली. ‘अर्जदार गरीब व मागासवर्गीय असून’ नाही. ‘कृपा व्हावी’ नाही. अर्ज लिहून देणारे कचेरीबाहेर बसतात, त्यांच्या हाताला ही वाक्यं बसलेली आहेत. पैसे देऊन आपण आपलंच रडगाणं विकत घेतो. आणि ‘अतिक्रमणधारक’ नाही. हा शब्द त्यांचा आहे. नियमानुकूल करण्याच्या दाव्यात तो लिहावा लागतो, कारण शासन निर्णयच अतिक्रमणाचा आहे, तिथं हट्ट करू नका. हरकतीत मात्र वहिवाट लिहा, कसतो लिहा, पेरतो लिहा. पिकाचं नाव लिहा. चतुःसीमा लिहा. ज्या जमिनीला चार बाजूंना चार शेजारी आहेत, तिला रिकामी म्हणायला अधिकाऱ्याचा हात जरा थबकतो.

एक मागणी मी मुद्दाम मसुद्यात घातली नाही, तुमच्यात चर्चा व्हावी म्हणून. समजा शेवटी जमीन प्रकल्पाला जाणारच आहे. मग ती आधी कसणाऱ्याच्या नावानं करा, आणि बाकीच्या शेतकऱ्यांना देता तेच भाडं, हेक्टरी सव्वा लाख, त्याला द्या. आजीचे दोन एकर म्हणजे एक हेक्टरला थोडे कमी. वर्षाला लाखभर रुपये होतात. काही साथी म्हणतात, ही तडजोड आहे, जमीन म्हणजे जमीन. काही म्हणतात, कोरडवाहू दोन एकरात लाख रुपये कधी निघाले? मला विचाराल तर, हरकतीत पहिली मागणी दाव्याच्या निकालाची, आणि भाड्याची मागणी वेगळ्या कागदावर. एकाच कागदात दोन्ही घातल्या तर ते भाड्यावर बोलतील आणि दावा बाजूला ठेवतील. पण गावानं ठरवावं, मी नाही.

गावात तुम्हाला काय ऐकावं लागेल तेही सांगून ठेवतो. पहिलं, ‘गायरान गुरांचं’. जी मंडळी तीस वर्षं गुरं दुधाच्या डेअरीसाठी गोठ्यात बांधून चारतात, त्यांना तुमच्या पिकात सोडण्यापुरती गायरानाची आठवण येते. आणि पॅनेलाखाली गुरं चरणार आहेत का, तेही विचारा. कुंपणाच्या तारेत गाय जात नाही. दुसरं, ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं मिळतील. त्या पाच लाखांचा हिशोब वस्तीवरच्या रस्त्यापर्यंत येतो का बघा. तिसरं, पोरांना वॉचमनची नोकरी. नोकरी करणाऱ्याला शिव्या देऊ नका, त्यालाही चूल आहे. एवढंच सांगा की जमिनीचा वारस जमिनीचा राखणदार झाला. चौथं, सुप्रीम कोर्ट. २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल तुमच्या तोंडावर फेकतील, की गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं गायरानांचा विषय हाती घेतला तेव्हा राज्यात २ लाख २२ हजारांवर बांधकामं मोजली गेली, नोटिसा निघाल्या, वस्त्या हवालदिल झाल्या. पण तो २०११ चा निकाल पूर्ण वाचा. त्यात अपवाद लिहिलेला आहे : सरकारी निर्णयाखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेली जमीन. ते वाक्य वकिलाला दाखवा. वाचायला हवं हो. त्यांच्याकडं निकालाचं पहिलं पान असतं, आपल्याकडं शेवटचं हवं.

ग्रामसभेत विषय मांडा. आणि बायांनो, नेहमीच्या ग्रामसभेआधी तुमची वेगळी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, हा कायदा आहे. बहुतेक गावांत ती रजिस्टरात होते, सह्या घरोघर गोळा करून. या वेळी ती खरीच भरवा. गायरानावर खुरपणी कोण करतं? तुम्हीच. मग ठराव तिथून येऊ द्या.

उभ्या पिकात जेसीबी घातला तर मात्र हरकतीचा अर्ज पुरणार नाही. अनुसूचित जातीच्या माणसाला जमिनीवरून बेकायदा हुसकावणं, त्याच्या पिकाची नासधूस करणं हे अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, कलम ३(१)(ग) खाली येतं. अतिक्रमण काढायचं तरी आधी नोटीस लागते. फोटो काढा, वेळ लिहा, पोलीस ठाण्यात लेखी द्या. अंगावर जाऊ नका. सरकारी नोकराच्या अंगावर गेलात की पूर्वी ३५३ लागायचं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं १३२ लागतं. आकडा बदलला, कोठडी तीच आहे. आणि पोरगं कोठडीत असताना जमिनीवर खांब उभे राहतात.

टपालाचं एक राहिलं. जुने लोक रजिस्टर ए.डी.नं पाठवा म्हणतील. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं. तेव्हा स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती मागून घ्या, आणि पावतीवरची शाई उडते म्हणून तिचा लगेच झेरॉक्स काढा.

आता मसुद्याचे कागद वाटतोय. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडानं सांगा, पोरं लिहून घेतील. पोरांनो, त्यांची भाषा सुधारू नका. ‘मह्या सासऱ्यानं धोंडे वेचले’ असं म्हणाली तर तसंच लिहा. सोमवारी अकरा वाजता बारनिशी उघडते. साडेदहाला वडाखाली जमायचं. जुन्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आणा, झेरॉक्सच्या दोन प्रती करा, आणि मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. माझ्याही नाही.

जय भीम.